पट्टी फुटायला हवी होती

लष्कराच्या गाड्यांनी कुणाची भिंत तडकली, की ती खरंच गाड्यांनीच तडकली का, हे ठरवायला नुकसानभरपाई कचेरीने एक माणूस नेमला होता. लोक त्याला काचवाले म्हणत. तड्यावर तो काचेची बोटभर पट्टी आडवी ठेवायचा, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायचा, कोपऱ्यात तारीख टाकायचा आणि चालू लागायचा. रणगाड्यांचा ताफा गेल्यावर पट्टी फुटली, तर तडा हलतोय, अर्ज मंजूर. शाबूत राहिली, तर तो घराचा म्हातारपणाचा आजार, लष्कर निर्दोष. एवढ्या स्वस्तात निर्दोष सुटण्याची सोय फार थोड्यांना असते.

पट्टी कशासाठी, हे अर्जदाराला सांगायचं नाही असा नियम होता. अर्थात सगळ्यांना ते ठाऊक होतं. काही घरांतल्या पट्ट्या तर उत्साहाच्या भरात ताफा यायच्या आधीच फुटत.

अर्जदाराकडे बसायचं नाही, घोटभर पाणीही घ्यायचं नाही, हा दुसरा नियम. त्यामुळे अर्ध्या शहराच्या माजघरात तो उभा राहून आला होता आणि ओळखीचं असं एकही घर नव्हतं. नामंजूर झालेले लोक रस्त्यात तोंड फिरवत. मंजूर झालेले त्याहून लवकर विसरत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. परगावची मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात ना?" तो हो म्हणायचा आणि मग स्वयंपाकाला लागायचा.

गल्लीच्या टोकाला एक शिंपीणआजी एकटी राहायची. खिडकीशेजारच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता आणि तिथेच तिचं मशीन. भिंत दुरुस्त झाली नाही, तर खोली धोकादायक ठरणार आणि आजीची रवानगी पुतण्याकडे, जिन्याखालच्या खाटेवर. "तिथे मशीनला जागा नाही," ती म्हणाली होती. "मला आहे म्हणे."

पट्टी लावल्यावर दोन ताफे गेले, तरी काच जशीच्या तशी. आता एकच तपासणी उरली होती. तो चकित झाला. असला तडा न हलून सांगतो कुणाला?

"फुटेल कशी?" आजी अभिमानाने म्हणाली. "मी आहे ना! गाड्यांचा आवाज आला, की भिंतीला गादी लावते, कपाट रेटते आणि पाठ देऊन उभी राहते. सरकारी वस्तू, माझ्या भरवशावर ठेवून गेलात."

इतक्या वर्षांत पट्टी वाचवणारा अर्जदार त्याने पाहिला नव्हता. त्याने दार लोटलं, नियम गुंडाळून ठेवला आणि सगळं सांगितलं.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" आजी कडाडली. "माझी कंबर मोडली त्या कपाटापायी!"

"शेजारीपाजारी कुणी बोललं नाही?"

"शेजारी कपडे टाकायला येतात. बोलायला कोण येतंय?"

प्रश्न त्याच्याही घरचाच होता. "पुढच्या ताफ्याला मी स्वतः येतो," तो म्हणाला.

त्या दिवशी कपाट त्यानेच बाजूला ओढलं. लांबून घरघर आली, मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली. आजी ताडकन उठली.

"आजी, बसा."

"अहो, पण ती हलतेय!"

"हलू द्या. हात मागे घ्या."

तिने दोन्ही हात पदरात कोंबले. रणगाडे खिडकीसमोरून जात राहिले. मग बोट मोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि पट्टीवर उभी रेघ उमटली.

"गेली हो!" आजी कळवळली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे झालं?"

"झालं. भिंत होईल. मशीन इथेच राहील."

ती एकदम खाली बसली, डोळे पुसले आणि पुढच्याच दमात त्याच्या बाहीकडे बघून म्हणाली, "ही शिवण उसवलीय. पुढच्या वेळी याल तेव्हा आठवण करा, मारून देते."

"पुढची वेळ नाही, आजी. मंजूर झालेल्या घरी आमचं काम नसतं."

"अगंबाई," ती म्हणाली. "आणि नामंजूर झालं असतं तर?"

"तर फेरतपासणीला आलो असतो. एकदोनदा."

दोघं फुटक्या काचेकडे बघत राहिले. शेवटचा शेरा कचेरीत जाऊन लिहायचा असतो. त्याने तो तिथेच, उभ्या उभ्या लिहायला घेतला आणि एरवी एका ओळीत संपणारं वाक्य बरंच लांबवलं.