मागच्या पट्ट्याची दोन भोकं

गोदामात त्याला क्रेन म्हणत. छत्तीस वर्षं त्याने सिमेंटची पोती वाहिली, दिवसाला दोनशे, आणि एकही फुटू दिलं नाही. मग गोदामात खरी क्रेन आली. मालकाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. नाव मात्र त्याच्याकडेच राहिलं. नव्या क्रेनला लोक नुसतं मशीन म्हणायचे, आणि एवढ्यावर तो खूश होता.

पंधराव्या वर्षी पहिल्या दिवशी त्याने पोतं मानेवर घेतलं होतं. पुढे आठवडाभर त्याला हाक मारली की तो सगळाच्या सगळा वळायचा. मुकादमाने पाठीत एक रट्टा हाणला आणि सांगितलं, "ओझं मानेनं नाही, कंबरेनं वाहायचं. गुडघा मऊ. उचलताना श्वास बाहेर. आणि पायाकडे बघायचं नाही, पाय कुठं पळून जात नाहीत." क्रेनचं शिक्षण एवढंच. नंतर घरात पाण्याची बादली उचलतानाही तो श्वास बाहेर सोडायचा. बायको होती तोवर ती त्याची नक्कल करून हसायची.

तो घरी बसला तेव्हाही लढाई चालूच होती. कोणाशी, ते दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि बातम्या सांगणाऱ्या बाईलाही अधूनमधून कागदात बघावं लागायचं. लढायला पोरं पाठवत, सोळा पूर्ण झालेली. सांगाडा चालवायला कोवळा मेंदू लागतो, असं कारण देत. हे ठरवणारे सगळे साठीच्या पुढचे होते.

सांगाडा म्हणजे टाचेपासून मानेपर्यंत अंगावर चढवायचा लोखंडी साचा. प्रत्येक सांध्याला मोटर. बॅटरी चालू असली की त्यातलं पोर भिंतीवरून उडी मारी, एका हाताने मोटारसायकल उचली. बॅटरी बंद पडली की उरे अडतीस किलो भंगार आणि आत अडकलेलं पोर. काढायचा म्हटलं तर दोन माणसं आणि पान्हा लागे. शत्रूने, म्हणजे त्या वर्षीच्या शत्रूने, सगळ्या बॅटऱ्या एका झटक्यात मारणारी लहर शोधून काढली. एका सकाळी दीडशे पोरं उघड्या माळावर उलट्या झुरळांसारखी पडून राहिली. त्यातली निम्मी परत आली.

मग मोठ्या लोकांच्या ध्यानात आलं की पोरांना उडता येतं, चालता येत नाही.

सैन्याच्या तळावरच्या कॅप्टनबाई क्रेनला शोधत आल्या तेव्हा तो शेजाऱ्याचा फ्रिज पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात होता.

"एकट्याने?" बाईंनी विचारलं.

"बाई, आधी बाजूला व्हा. मग बोलू."

फ्रिज जागेवर लावून, दार नीट लागतंय का ते बघून मगच तो बोलला. काम ऐकून घेतलं आणि लगेच हो म्हणाला. कारण त्याची नात सहा महिन्यांपासून त्याच तळावर होती.

त्याची मुलगी, नातीची आई, लाँड्रीत इस्त्री करायची. त्याने तिला बातमी सांगितली. तिने इस्त्री उभी ठेवली.

"बाबा, जाताय तर एक काम करा. तिला नापास करा."

"अगं, मी फक्त चालायला शिकवणार."

"मग चालायला नापास करा. भरतीच्या कागदावर सही तिनं स्वतः केली, मला विचारलंसुद्धा नाही. आता तुम्ही आहात तिथं. काहीतरी करा."

क्रेनने इस्त्री झालेल्या शर्टांचा गठ्ठा उचलून फळीवर ठेवला. मुलीने ते हो समजून घेतलं आणि पुढचा शर्ट ओढला.

पहिल्या दिवशी कॅप्टनबाईंनी मैदानात चाळीस पोरांची बॅटरी एकदम बंद केली. भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज झाला. एक जण तेवढा उभा राहिला, तोही कुंपणाला टेकून. तो पोरगा सगळ्यांत उंच, म्हणून लंबू.

"आजोबा, बॅटरी लावा ना," लंबू विव्हळला. "माझी कंबर गेली."

"गेली नाही, आत्ता आली. आजवर तुला ती आहे हेच माहीत नव्हतं."

नात सगळ्यांत बुटकी. तळावर तिला बटण म्हणत. पहिल्याच दुपारी ती पट्टे तपासायच्या निमित्ताने जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "इथं मला नात म्हणायचं नाही. आणि डबा खाल्लास का, स्वेटर घातलास का, यातलं काही विचारायचं नाही."

"मग काय विचारू?"

"काही नाही. शिकव."

"बरं, बटण. गुडघा वाकव. असा नाही. मऊ म्हटलं, मोडका नाही म्हटलं."

सहा आठवडे त्याने त्यांना नुसतं चालवलं. सगळी करामत मागच्या पट्ट्यात होती. हा पट्टा सांगाड्याला कंबरेशी आवळून धरायचा. नेमक्या भोकात बसला की वजन कमरेच्या हाडावर येई आणि माणूस चाले. सैल राहिला की वजन मागे लोंबे, मांड्या पेटत आणि माणूस पाठीवर आपटे. पोरं शिव्या देत चालली. क्रेन त्या ऐकून घेई, त्यातल्या नव्या असतील त्या मनात ठेवी, आणि म्हणे, "शिवी देताना श्वास बाहेर जातो. चांगलं आहे. चालू दे."

बटण पहिल्या आठवड्यात रडली, दुसऱ्यात चावरी झाली आणि चौथ्यात चालायला लागली. पाचव्यात क्रेनच्या लक्षात आलं की छत्तीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही गड्यापेक्षा हिचं पाऊल नीट पडतंय. त्याला अभिमान वाटला आणि लगेच जेवण जाईना. कारण चाचणी साधी होती. बंद सांगाड्यात पाच किलोमीटर. तीनदा पडला तो घरी. उरलेले पुढच्या तळावर. त्याच्या पुढे तो माळ.

चाचणीच्या सकाळी सगळे पट्टे क्रेन स्वतः बांधत होता. एकोणचाळीस पट्टे त्याने नेहमीसारखे चोख बांधले. चाळिसावा बटणचा. ती पाठमोरी उभी राहिली, मान ताठ. बोटं भोकापाशी गेली आणि थांबली. मग त्याने पट्टा दोन भोकं सैल लावला आणि म्हणाला, "झालं."

उभ्या आयुष्यात त्याने जाणूनबुजून वाईट केलेलं हे पहिलं काम. पोतं एखाद्याच्या पायावर टाकावं तसं त्याला वाटलं.

पोरं निघाली. कॅप्टनबाई गाडीतून, क्रेन रिकाम्या हाताने बाजूने चालत. पहिल्या किलोमीटरलाच बटण पाठीवर पडली. कुशीवर वळली, गुडघा टेकला, श्वास सोडला, उठली. अगदी शिकवल्याप्रमाणे.

"एक!" गाडीतून आवाज आला.

खडीच्या चढावर ती पुन्हा पडली. या वेळी उठायला वेळ लागला. कोपर सोललं होतं.

"दोन!"

क्रेनने दुसरीकडे बघितलं. आता एकदा पडली की झालं, मग ती वर्षभर बोलणार नाही, पण न बोलता का होईना, घरी बसलेली तरी असेल. असा हिशेब तो मनात मांडत होता, आणि तेवढ्यात मागून नातीचा आवाज आला.

"लंबू, थांब. माझा मागचा पट्टा बघ."

एकमेकांचे पट्टे बांधायला परवानगी होती. तो नियम क्रेननेच मागून घेतला होता.

"क्रेननं बांधलाय तो," लंबू धापा टाकत म्हणाला. "बरोबरच असणार."

"बरोबर असता तर मी दोनदा पडले नसते. दोन भोकं आत घे."

"दोन? तो माणूस अर्ध्या भोकासाठी मला सगळ्यांसमोर..."

"लंब्या, आत घे!"

लंबूने घेतला. तिने एक पाऊल टाकून बघितलं, दुसरं टाकलं, आणि मग क्रेनच्या बाजूने निघून गेली. त्याच्याकडे न बघता, दहा पावलं पुढे नजर ठेवून. उरलेले तीन किलोमीटर ती एकदाही अडखळली नाही.

शेवटच्या खुणेपाशी सांगाडे उतरवले जात होते. पान्हा फिरत असताना ती त्याच्याकडे वळली.

"एक भोक असतं तर मी चूक समजले असते."

"एका भोकाने तू पडली नसतीस."

हे तोंडून गेलं आणि तिचा चेहरा बघून त्याला कळलं की याहून मूर्ख उत्तर त्याला सुचलं नसतं.

"आईनं सांगितलं?"

"हात माझे होते."

तो तसाच कॅप्टनबाईंकडे गेला. नात मागोमाग आली, कारण हा म्हातारा आता आणखी काय करून ठेवतो याचा तिला भरवसा नव्हता.

"बाई, हिचा पट्टा मी सैल बांधला होता. मुद्दाम."

बाईंनी यादीवरून मान वर केली. "का?"

"घरी जावी म्हणून."

"म्हणजे चाचणी बाद. तिला परत चालावं लागेल."

"ती दोन किलोमीटर सैल पट्ट्यात चालली. दोनदा पडून उठली. इतरांनी तेवढं केलेलं नाही. बाद करायचं तर मला करा, तिच्या चालीत काही काढू नका."

"तुम्हाला बाद करून दुसरा कुठून आणू?" बाई चिडल्या. "सगळ्या शहरात ओझं उचलणारा एक माणूस सापडला, तोही असला." त्यांनी यादीवर खूण केली. बटण पास.

दुपारी त्याने मुलीला फोन लावला.

"काही केलंत का?"

"केलं होतं. तिनं ते दुरुस्त केलं."

पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कशाला शिकवलंत हो इतकं नीट?" आणि फोन ठेवला. वाईट शिकवलं असतं तर ती माळावर पडून राहिली असती. चांगलं शिकवलं म्हणून ती माळावर निघाली.

तीन दिवस नात त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या सकाळी मैदानात ट्रक लागले. पोरं सांगाडे चढवून रांगेत उभी होती. बटण रांग सोडून त्याच्यापाशी आली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"बांध."

"लंबूला सांग."

"लंबू बांधतो की गुदगुल्या करतो तेच कळत नाही. बांध म्हटलं ना."

त्याने पट्टे बांधले. खांद्याचे, मांडीचे, शेवटी मागचा. प्रत्येक भोक त्याने दोनदा चाचपलं. तिने बोट घालून एकेक पट्टा तपासला. मागच्या पट्ट्याशी आली, तो सोडला, आणि हात मागे वळवून स्वतः पुन्हा बांधला. त्याच भोकात.

"बरोबर होता की," तो म्हणाला.

"माहीत आहे."

मग कपाळ एकदा त्याच्या खांद्यावर आपटून ती ट्रककडे गेली. बॅटरी चालू करायला अजून वेळ होता. लंबूने वरून हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. डावा पाय पायरीवर, गुडघा मऊ, श्वास बाहेर, वर. क्रेन डोळे ताणून बघत होता. एखादी चूक सापडली असती तर त्याने ट्रक थांबवून तिला खाली उतरवलं असतं.

सापडली नाही.