तुळसाबाईच्या छातीवरचं मशीन

नेर रस्त्याच्या फाट्यावर आठची एसटी थांबते, ती शाळेच्या पोरींसाठी तुळसाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहते म्हणून. थांब्याचा बोर्ड आहे, पण बोर्ड काय ब्रेक मारतो?

अशा बाईला महिन्यात दोनदा भोवळ आली. छातीत पाखरू फडफडायचं. यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, तर ठोके अगदी सरळ.

"चोर घरात असतानाच धरावा लागतो," मॅडम म्हणाल्या. "ठोके असेच चुकत राहिले तर रक्ताची गाठ होते, मेंदूत जाते, लकवा मारते."

छातीला वायरी चिकटवून त्यांनी चोवीस तासांचं मशीन बांधलं. "रोजच्यासारखंच वागा."

लेक संघदीप टपलेलाच होता. "माय, गाडीवाल्यांशी भांडून भांडूनच होऊन राह्यलं हे. सोड आता तो रस्ता."

तुळसाबाईचं लक्ष वायरीकडे. सभेत पाहुण्याच्या सदऱ्याला माइक लावतात, तसलंच हे! म्हणजे आपल्या शिव्या मॅडम ऐकणार.

सकाळी ती कडेला उभी राहून, हात जोडून म्हणाली, "दादा, थांबता का जरा?" गाडी धूळ उडवत गेली. सात पोरी शाळेत पायी गेल्या.

मशीनमध्ये काहीच सापडलं नाही.

"काल भांडलात?"

"छ्या! मशीन ऐकते ना तुमचं."

मॅडम खुर्चीतून पडायच्या राहिल्या. "अहो, ते फक्त ठोके टिपतं!" मशीन पुन्हा बांधलं.

या खेपेला तुळसाबाई रस्त्याच्या मधोमध. अमरसिंग ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"काहून रे, परवा डोळे घरी ठेवून आलता का?"

"काकू, तुमी हात जोडले. मले वाटलं, कोणाले निरोप देऊन राह्यल्या!"

अहवालाच्या दिवशी संघदीप खुर्ची पुढं ओढून बसला. मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. आठ वाजता भांडणात ठोके पळाले, पण एका चालीत. बिघडले ते दुपारी साडेतीनला.

"तेव्हा काय करत होतात?"

"पडून होती जी. हा मले शांत राहाचं भाषण देऊन राह्यलता."

संघदीपनं खुर्ची मागं घेतली.

रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही.

"आन् भांडण?"

"मनाई नाही. पण भोवळ वाटली तर आधी कडेला बसायचं."

सकाळची गोळी आठची ठरली. आता अमरसिंग लांबूनच ब्रेक मारतो, खिडकीतून पाण्याची बाटली काढतो. "काकू, गोळी?"

पोरी चढेपर्यंत तुळसाबाई गोळी गिळते, बाटली उजेडात धरून पाहते.

"धूत जाय बे हे कधी तरी!"