खेचराला मारल्याचे चौदा दिवस

फौजेत मी ड्रायव्हर होतो. गावाला वाटतं, ट्रकवर. मी खेचरं हाकली, बारा वर्षं, डोंगरातल्या पोस्टवर रेशन पोहोचवत. आधी खेचराला पाणी, मग दाणा, मग आपला चहा. जनावरावर हात उगारला तर चार्ज लागायचा, शिक्षा व्हायची.

त्या दिवशी ०५४० ला सहा खेचरं निघाली. माझी हरणी पुढे. एका वळणावर तिने पाय रोवले. बाकीचे अजून मागे, वळणाआड होते. वायरलेस सेटवर पोस्टचा आवाज आला.

"डिले क्यों? ओव्हर."

"जानवर अड गया. ओव्हर."

"जल्दी करो. आउट."

मी चिडलो. तंबूच्या खुंटीने तिला तीन फटके मारले. ती निघाली. चौथ्या पावलाला वाट तिच्याखालून सुटली. खाली पोकळ आहे हे तिला कळलं होतं, मला नाही. ती दरीत गेली, दोरी मी सोडून दिली.

सीओ साहेबांनी विचारलं, "मारा था?"

"मारा था, साब."

"किसने देखा?"

"किसी ने नहीं, साब."

चौदा दिवस क्वार्टर गार्डच्या कोठडीत काढले. खरं सांगतो, आत गेल्यावर बरं वाटलं.

परवा सकाळी सातला इथे गावी, नेऱ्यात, माझ्या भाच्याने, संतोषने, पहारीने बैलाचा डोळा फोडला. नव्या बिल्डिंगसाठी खणलेल्या चारीच्या कडेने बैल जाईना, म्हणून. पाहणारा मी एकटा. जनावर अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालंय. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही.

"चौकीत चल. तूच सांग," मी म्हणालो.

"मामा, तुमी सोडून कुनी बघितलंय? आपलाच बैल हाय."

बहीण रडायला लागली. "दादा, गप ऱ्हा. पोरगं आत जाईल."

दोन दिवस त्याची वाट पाहिली. अंगणात नुसत्या फेऱ्या मारल्या. आज नऊला एकटाच चौकीत गेलो आणि जबाब दिला. सही केली. संतोषला मी कडेवर खेळवलाय. परत आलो तर बहिणीने तोंडावर दार लावलं.

जबाबात हवालदाराने नुसतं 'एक बैल' लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि 'सर्जा' लिहून घेतलं. हरणी गेली तेव्हा रिपोर्टमध्ये फक्त तिच्या खुरावरचा नंबर गेला. तिचं नाव कुणी लिहिलं नाही. मीसुद्धा नाही.