बरळणं

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची जीभ जड पडली. मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन नेरूळच्या घरी त्यांच्याजवळ राहिले. ते दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसून काहीतरी बोलत. शब्द एकमेकांत विरघळून जात. बाबा बरळतायत, तू लक्ष देऊ नकोस, असं नवरा म्हणायचा. हळूहळू मीही तोच शब्द वापरू लागले.

माझ्या माहेरी बरळणं म्हणजे तापातलं नाहीतर झोपेतलं बोलणं. माणूस शुद्धीवर नसतो, म्हणून त्याच्या बोलण्याला अर्थ नसतो. सासरे तर टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत बोलायचे. पण दुपारचं घर इतकं निवांत असायचं की त्या आवाजानं मलाच पेंग यायची. समोर मोकळी जमीन, तिच्यापलीकडे खाडी. उन्हात ती कधी पाणी वाटायची, कधी नुसता उजेड.

जवळच्या करावे गावची एक मासेवाली दर आठवड्याला यायची. एकदा ती दारात बसून कोलंबी सोलून देत होती, तेवढ्यात सासरे बोलू लागले. मी सवयीनं म्हणाले, बरळतात ते, मावशी. तिनं हात थांबवले आणि कान देऊन ऐकलं.

"नाय बरलत ते," ती म्हणाली. "भरती कवा येल, इचारतान."

मग तिनं त्यांनाच सांगितलं, "सांजच्याला भरल पानी, बाबा."

सासऱ्यांनी मान हलवली आणि ते शांत झाले. इतके शांत मी त्यांना आजारपणात पाहिले नव्हते. तिच्या बापाचीही जीभ अशीच गेली होती, असं ती जाताना म्हणाली. सासऱ्यांचं बालपण कोकणात, खाडीकाठच्या गावात गेलेलं. शाळेला जायचं तर होडीनं, भरती बघून. मला हे माहीत होतं, पण कधी आठवलं नाही.

संध्याकाळी मी त्यांची खुर्ची कठड्याशी सरकवली. पाणी खरंच चढत होतं. ते काही बोलले. मी म्हटलं, "कळलं नाही, परत सांगा." त्यांनी तीनदा सांगितलं, तेव्हा मला 'होडी' ऐकू आलं.

पुढं ते दीड वर्ष जगले. मला त्यांचे वीसेक शब्द कळायला लागले, बाकीचे नाही. न कळलेल्यांतला एक ते अंधार पडताना रोज म्हणत. हे तुमच्या आईचं नाव का, मी विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली. की गावाचं? त्यालाही त्यांनी तशीच मान हलवली आणि ते खाडीकडे बघत राहिले.