डोक्यावर पदर घेऊन दिलेली साक्ष

मुंबईच्या बॅलर्ड पियरवर बोटीची शिडी वर घ्यायची वेळ झाली, तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत आशीर्वाद म्हटला. मग मराठीत म्हणाले, "हारून गेला तेव्हा मी रडलो नाही. तो आपल्या माणसांत गेला. तू कुणांत चाललीस, तेच मला कळत नाही."

मी म्हटलं, "हॉस्पिटलात चाललेय, बाबा."

आईला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. मला आठवतं ते तेवढंच. बोट हलल्यावर ती दोघं लवकरच गर्दीत दिसेनाशी झाली.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय. ठाण्यात राहिलात त्या तुमच्यासाठी, आणि इस्रायलमध्ये अश्दोदला, बीरशेबाला गेलात त्या तुमच्यासाठीही. आपण बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. साठच्या दशकात आपल्या घराघरांतून सामान बांधलं जात होतं, आणि ते जवळपास सगळं इस्रायलला जात होतं; माझा भाऊ हारूनही तिकडेच गेला होता. माझीच ट्रंक तेवढी इंग्लंडला निघाली. मी मुंबईत नर्सिंग केलं होतं, तिकडे नर्सेस हव्या होत्या, आणि मला मोठ्या हॉस्पिटलात काम करायचं होतं. याहून खोल कारण काही नव्हतं.

मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नर्सेस होममध्ये पहिली खोली मिळाली. काही दिवसांनी बाहेर जागा शोधायची वेळ आली आणि खिडक्यांमधल्या पाट्या वाचता येऊ लागल्या. काळ्या-सावळ्या लोकांनी विचारू नये, असं काहींवर सरळ लिहिलेलं असे. जिथं पाटी नसे तिथं दार उघडणारी बाई माझ्याकडे बघून म्हणे, आत्ताच गेली हो जागा. मी साडीवर कोट घातलेली, पायात जाड मोजे. तिसऱ्या-चौथ्या दारानंतर मी नुसती घंटा वाजवायलाही कचरू लागले.

मग चीटम हिलजवळच्या एका गल्लीत एका दाराच्या चौकटीवर मेझुझा दिसली. आपल्या ठाण्याच्या घराला होती तशीच, तिरकी ठोकलेली, आत वचनांचा कागद असलेली छोटी नळी. दार उघडायच्या आतच माझा हात सवयीनं तिच्याकडे गेला आणि बोटं ओठांना लागली. त्याच क्षणी दार उघडलं. समोर एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते.

"हे तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मी यहुदी आहे, हिंदुस्थानातली.

त्यांचा विश्वास बसला नाही. मग मी तिथंच, पायरीवर उभी राहून शमा इस्राएल म्हटलं. शेकडो वर्षं आपले लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत होते, हिब्रू विसरले होते, तरी ही एक प्रार्थना तोंडात राहिली होती. माझी चाल आपली, कोकणातली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "सूर चुकीचा आहे. आत या."

ते मिस्टर ग्रून. नाझींपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून आलेले, रेनकोटच्या कारखान्यात कापड कापायचं काम करणारे. बायको इथं आल्यावर वारली होती. वरची खोली त्यांनी मला दिली. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथचा विसाव्याचा दिवस लागायच्या आधी, मेणबत्त्या मी लावायचे, प्रार्थना ते म्हणायचे, आणि सुरावरून आमचा वाद व्हायचा. मी नारळाच्या दुधातली मासळी करायचे. ती खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते सांगायचे, मिरची नाही, थंडी आहे.

इथल्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थनाघरात, मात्र मला पुष्कळ दिवस पाहुणीसारखंच वाटलं. बायका विचारायच्या, धर्म बदललास तो लग्नासाठी का? आपण ठाण्यात सिनेगॉगला मशीद म्हणायचो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. हॉस्पिटलात मी 'इंडियन सिस्टर' होते. तिथं माझ्या वॉर्डावर पुण्याची डॉक्टर सुधा होती. तिच्याशी मराठी बोलायला मिळे म्हणून मी टी-ब्रेकची वाट बघायचे.

त्या काळात वर्तमानपत्रांत अधूनमधून बातम्या यायच्या. कुठं ज्यूंच्या थडग्यांवर रंग फासलेला, कुठं सिनेगॉगच्या दाराला आग लावलेली. जर्मनीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेतसुद्धा भिंतींवर नाझींची ती वाकडी खूण उमटत होती, आणि ठिकठिकाणची सरकारं निषेध करत होती. मंत्र्यांची निवेदनं रेडिओवर लागली की मिस्टर ग्रून आवाज कमी करायचे. मला ते सगळं लांबचं वाटायचं. आपल्याकडे कुणी यहुदी म्हणून बोट दाखवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, ते शनिवारी घाणा बंद असे म्हणून. त्यात विष नव्हतं. या द्वेषासाठी माझ्या मराठीत शब्दच नव्हता.

एका सकाळी नाइट ड्यूटीवरून परतले तेव्हा मिस्टर ग्रून गुडघे टेकून दार घासत होते. दारावर काळ्या रंगात ती खूण होती आणि खाली दोन शिव्या होत्या. एक ज्यूंसाठी, एक काळ्यांसाठी. त्याखाली, 'निघा'. लिहिणाऱ्याला वाटलं असेल या घरात दोन जातींची माणसं राहतात. दोन्ही शिव्या मलाच लागू होत्या.

"पुसू नका," मी म्हटलं. "पोलिसांना दाखवू."

ते घासतच राहिले. "पोलिसांना? व्हिएन्नात माझ्या वडिलांना भर रस्त्यात असंच गुडघ्यांवर बसवून फरशी घासायला लावली. पोलीस शेजारी उभा होता. बघत होता. सिस्टर, तुम्ही वर जा, झोपा."

मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. त्यांनी तो परत ओढला. शेजारची बाई पडद्याआडून बघत होती, आणि आम्ही दोघं त्या ओल्या ब्रशसाठी पायरीवर झटापट करत होतो. शेवटी ते दमून खाली बसले. मी युनिफॉर्मवरच पोलीस स्टेशनला गेले.

तिथला सार्जंट पिकल्या मिशांचा, शांत होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, याआधी असलं काही पाहिलंत का? मग मला आठवलं. हॉस्पिटलच्या गेटवर एक माणूस पत्रकं वाटायचा. नीटनेटका, टाय लावलेला. एकदा त्यानं मलाही पत्रक दिलं होतं आणि समजावून सांगितलं होतं, "तुमची चूक नाही, मिस. तुम्हाला इथं आणलं ते ज्यूंनी. त्यांना हा देश नासवायचाय." पत्रकात लिहिलेलं इथं लिहीत नाही. खाली तीच खूण होती.

सार्जंट पुढे सरकून बसला. म्हणाला, रंग कुणी फासला ते कदाचित कधीच कळणार नाही. पण सरकारनं नवा कायदा केलाय. वंशावरून, रंगावरून द्वेष पेटवणारं छापून वाटणं आता गुन्हा आहे. "फक्त मॅडम, त्यासाठी कोर्टात उभं राहून सांगणारं माणूस लागतं. लोक माझ्यापर्यंत येतात आणि इथूनच परत जातात."

मी म्हटलं, मी सांगेन.

हे बोलणं सोपं गेलं. नंतरचे महिने अवघड गेले. असा खटला भरायला लंडनहून अॅटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलाची, परवानगी लागायची, ती लवकर येईना. सिनेगॉगच्या कमिटीतले एक गृहस्थ घरी आले. चांगले होते बिचारे. म्हणाले, "खटला झाला की त्या माणसाचा फोटो पेपरात येईल. त्याला तेच हवंय. आपण गप्प राहिलो तर हे आपोआप विझेल." मिस्टर ग्रून होकारार्थी मान हलवत होते. ते गेल्यावर मला म्हणाले, "कायदे व्हिएन्नातही होते. मी कोर्टात येणार नाही. तुम्ही जाऊ नये, असं मी तुमच्या वडिलांच्या जागी असतो तर म्हटलं असतं."

हॉस्पिटलात मेट्रननं बोलावून घेतलं. हॉस्पिटलचं नाव यात येणं बरं नाही, एवढंच तिनं सुचवलं. माझा सीनियर पोस्टसाठीचा अर्ज तिच्या टेबलावर होता. तिनं त्याचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

सुधा मात्र चिडली. "अगं, तू काय चोरी केलीस? मी येते तुझ्याबरोबर." त्या वर्षी दिवाळीला तिनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. तिच्या दारात दर वर्षी रांगोळीत स्वस्तिक असायचं. या वेळी पणती काढली होती. मी काही विचारायच्या आत ती हळूच म्हणाली, "आपलं स्वस्तिक वेगळं, मला माहीत आहे गं. पण हे आजोबा या उंबऱ्यावर पाय कसा ठेवतील?" ती हे मराठीत बोलली. मिस्टर ग्रून रांगोळी न मोडता कडेनं आत आले आणि विचारू लागले, हे पीठ वाया जात नाही का?

परवानगी आली. खटल्याच्या दिवशी मी कोट काढून ठेवला आणि आईनं दिलेली निळी साडी नेसले. कोर्टात पिंजऱ्यात तो टायवाला माणूस होता. मी दिसताच त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याला वाटलं असेल, ही हिंदुस्थानी नर्स, हिला काय कळतं.

कारकुनानं शपथेसाठी बायबल पुढे केलं. मी म्हटलं, "नवा करार नको. मी ज्यू आहे."

त्याला ऐकू आलं नाही, की खरं वाटलं नाही, कोण जाणे. त्यानं मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणता धर्म म्हणालात?"

"ज्यू, मॅडम. हिब्रू बायबल द्या."

शोधाशोध होऊन दुसरं पुस्तक आलं. कारकून पुटपुटला, डोकं झाकायला हवं, आणि इकडेतिकडे टोपी शोधू लागला. मी पदर डोक्यावर घेतला. आई शब्बाथला घेते तसा, कानामागून. आणि पुस्तकावर हात ठेवला.

पिंजऱ्यातला माणूस माझ्याकडे बघत होता. गेटवर त्यानं मला किती मायेनं समजावलं होतं, ते त्यालाही आठवत असावं. मग त्यानं मान फिरवली.

त्याच्या वकिलानं विचारलं, "पत्रकं इंग्रजीत होती. तुम्हाला अर्थ नीट कळला का?"

"मी त्याच भाषेत तुमच्या लोकांची औषधं वाचते," मी म्हटलं. "अजून कुणी चुकीच्या औषधानं गेलं नाही."

मॅजिस्ट्रेटबाईंनी हसू दाबलं.

साक्ष संपवून वळले तर मागच्या बाकावर सुधाच्या शेजारी मिस्टर ग्रून बसले होते. हॅट मांडीवर, चेहरा पांढरा. शिक्षा जाहीर होईपर्यंत ते हलले नाहीत. त्या माणसाला काही महिन्यांची कैद झाली. नंतर आम्ही बाहेर पडत होतो, तर दाराशी उभ्या असलेल्या तरुण काँस्टेबलनं दार धरून ठेवलं आणि मिस्टर ग्रूनना म्हणाला, "जपून सर, पायरी आहे."

ते तिथंच थांबले. त्या पोराच्या युनिफॉर्मकडे, बटणांकडे बघत राहिले. काँस्टेबलला वाटलं त्यांना पायरी दिसत नाही, म्हणून त्यानं हात दिला. मिस्टर ग्रूननी तो धरला आणि उतरले.

एका खटल्यानं सगळं सरळ झालं असं समजू नका. मला सीनियर पोस्ट मिळाली ती दुसऱ्या हॉस्पिटलात, पुष्कळ उशिरा. त्याच कायद्याखाली पुढे काही काळ्या वक्त्यांनाही कोर्टात खेचलं गेलं, तेव्हा मला फार चीड आली होती. सत्तरच्या दशकात त्या टायवाल्यासारख्यांचे झेंडे घेऊन मोर्चे निघू लागले, द्वेषाला नवी नावं मिळाली. सरकारनं आणखी कायदे केले, आणि सणांच्या दिवशी सिनेगॉगबाहेर पोलीस दिसू लागले. मिस्टर ग्रून त्यांना आतून चहा नेऊन द्यायचे. शेवटच्या आजारातही त्यांनी मला विचारलं होतं, आज बाहेर कोण उभं आहे, त्याला कुणी चहा दिला का?

ते गेले त्याच वर्षी बाबाही गेले. मी ठाण्याला आले तेव्हा घरात नुसत्या पेट्या होत्या. आई हारूनकडे जायला निघाली होती. "तूही चल," ती म्हणाली. "तिथं सगळे आपलेच. तिकडे इंग्लंडात दारावर काय काय लिहितात म्हणे. दाराचं सुधानं तेव्हाच पत्रात कळवलं होतं मला. परक्या मुलखात असला अपमान कशाला सोसायचा?"

मी तिच्याजवळ पेटीवर बसले. मग म्हटलं, "आई, मी सोसला नाही गं. मी तक्रार केली."

"कुणाकडे?"

"पोलिसांकडे. मग कोर्टात. सरकारनं माझ्या बाजूनं खटला चालवला."

आई हातातल्या पातेल्याला जुनं वर्तमानपत्र गुंडाळत राहिली. "तुझी तक्रार लिहून घेतली त्यांनी?"

"घेतली. चहाही दिला."

तिनं पातेलं पेटीत ठेवलं. "पाहुणा तक्रार करत नाही," ती म्हणाली. "गप्प बसतो, नाहीतर उठून जातो. तक्रार करतो तो घरचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा मग तुझ्या घरी. हारूनला मी सांगते."

दुसऱ्या आठवड्यात मी मँचेस्टरला परतले. ती अश्दोदला गेली.