दिशा धरून बोलणारे दाजी

आमच्या दाजींइतका सभ्यपणे मोबाइलवर बोलणारा माणूस काकतीपासून कागलपर्यंत दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. निपाणीत तंबाखूच्या वखारीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नुसत्या वासावरून पानाची प्रत सांगायचे. आता सत्तरी ओलांडली आहे. फोन वाजला की ते आधी उठून उभे राहतात, टोपी सारखी करतात, मग फोन कानाला लावून पलीकडच्याला तोंड उघडू न देता विचारतात, "कुठं हाईस?" हा प्रश्न मोबाइल आल्यापासून आपण सगळेच विचारतो, पण उत्तराशी आपल्याला फारसं देणंघेणं नसतं. दाजींना असतं. कारण पलीकडचा माणूस ज्या गावात असेल त्या गावाकडे तोंड करूनच ते बोलतात. बेळगाव म्हटलं की तवंदी घाटाच्या बाजूला वळतात. कोल्हापूर म्हटलं की घाटाला पाठ आणि कागलकडे तोंड. मुलगा बेंगळुरात नोकरीला आहे, त्याच्यासाठी बेळगावच्या जरा डावीकडे. मी एकदा म्हटलं, "दाजी, फोनला दिशा कळत न्हाय. कुणीकडं बी तोंड करून बोला, ऐकू तेवढंच जातंय." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलो होतो. "म्हंजे पाठ करून बोलू व्हय रं मानसाशी?"

ह्या शिस्तीपायी त्यांनी सोसलंही पुष्कळ. पुतण्या दुबईला गेला तेव्हा दुबई नेमकी कुणीकडं, हे विचारायला ते शाळेत जाऊन भूगोलाच्या मास्तरांना भेटून आले. मास्तर म्हणाले, मावळतीकडं, पण जरा उत्तरेला. घराच्या कट्ट्यावर उभं राहून बघितलं तर मावळतीकडं जरा उत्तरेला शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची खिडकी. दोन दिवस शेजाऱ्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी शेजारीण आक्काला म्हणाली, "तुमच्या मालकांचं आमच्या खिडकीशी काय काम हाय, तेवढं सांगा." तेव्हापासून दुबईचा फोन आला की दाजी जिना चढून गच्चीवर जातात आणि धापा टाकत, पण अचूक दिशेला, "बरा हाईस न्हवं?" म्हणतात. मुलाचं लग्न जमवताना तर कहरच झाला. मुलीकडचे इचलकरंजीचे, मध्यस्थ चिकोडीचे, आणि नवरदेव बेंगळुरात. कुणीतरी तिघांना एकाच कॉलवर घेतलं. इचलकरंजी उत्तरेला, चिकोडी उगवतीला, बेंगळूर खाली दक्षिणेकडं. जो बोलेल त्याच्याकडं दाजी वळत राहिले. मानपानाचा विषय निघाला, तिघंही एकदम बोलायला लागले, आणि दाजी भोवळ येऊन मटकन कट्ट्यावर बसले. फोनवर एकदम शांतता. मुलीकडच्यांना वाटलं, वरपिता नाराज झाले. त्यांनी घाईघाईनं मानपानाचा हट्ट सोडला आणि लग्न जमलं.

व्हिडिओ कॉल आल्यावर तरी हे थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. समोर तोंड दिसतंय म्हटल्यावर दिशेचं काय काम? पण दाजी नातीचं चित्र हातात धरून पुन्हा बेंगळूरच्या बाजूला वळतात. "चित्र हितं हाय, मानूस तिकडं हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. मोबाइल कंपनीच्या बाईचा फोन येतो, तिलाही ते कन्नडमध्ये तेच विचारतात, "एल्ली अदीरी, बाई?" खरी बाई असेल तर हसून गाव सांगते. रेकॉर्ड केलेली असेल तर आपलंच पुढं रेटते. मग दाजी समजुतीनं म्हणतात, "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे," आणि कुणीकडंच तोंड न करता, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतात. बसमध्ये असताना ते फोन घेतात, पण घाटात नाही. एकदा मीच केला होता. म्हणाले, "घाट उतरल्यावर बोलतो. हितं सारखं बेळगाव हालाय लागलंय."

आता असा माणूस कुणाच्या "कुठं हाईस"च्या उत्तरावर शंका घेईल का? आपण सगळे फोनवर सर्रास म्हणतो, वाटेत आहे, निघालोच, पोचलोच. आणि तेव्हा बहुधा बनियनवर असतो. दाजींना हे ठाऊकच नाही. गल्लीतल्या नळवाल्यानं त्यांना एकदा सांगितलं, "कोपऱ्यावर आलोय दाजी." दाजी त्याला घ्यायला कोपऱ्यावर गेले. दीड तास उभे राहिले. नळवाला आला तेव्हा दाजी त्याला ओरडलेही नाहीत, उलट काळजीनं विचारलं, "ह्या कोपऱ्यावर न्हवं, दुसऱ्या कोपऱ्यावर हुतास व्हय? माझीच चुकामूक झाली." त्या नळवाल्यानं ही गोष्ट मला स्वतः सांगितली आहे. म्हणाला, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं वो. आता दाजींचा फोन आला की मी खरंच सांगतो. घरात झोपलोय, आज येत न्हाय. बायकोला बी एवढं खरं सांगत न्हाय." हळूहळू सगळ्या गल्लीचं असं झालं. इस्त्रीवाला, रिक्षावाला, गॅसची टाकी आणणारा, सगळे दाजींच्या फोनपुरते सत्यवचनी झाले.

राहिलो मी.

मी बेळगावात, अनगोळला राहतो. सरकारी नोकरी, बोलणं कमी. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात उशाखाली फोन शोधतो. बायकोचा नंबर मला पाठ नाही. फोन घरी विसरला तर ऑफिसात दिवसभर खिसा चाचपत बसतो. पण खरं सांगायचं तर कमी बोलणाऱ्या माणसाला मोबाइलनं दिलेली मोठी सोय वेगळीच आहे. त्यानं आडोसा दिला. पूर्वी फोन घरात खुंटीला बांधल्यासारखा असायचा; उचलला म्हणजे माणूस घरात आहे हे कळायचं. आता मी कुठंही असू शकतो, आणि कुठं आहे ते मीच सांगायचं असतं. ह्या आडोशाला मी किती वेळा उभा राहिलो, त्याची मोजदाद नाही. त्यातली एक वेळ मात्र तीन वर्षं झाली तरी मनातून जात नाही.

कॉलेजची पाच वर्षं मी निपाणीला आक्काकडं राहून काढली. दाजींनी मला एकदाही मेव्हण्यासारखं वागवलं नाही; पोरासारखं वागवलं. आणि त्याच निपाणीवरून मी पुढं कोल्हापूरला जाऊ-येऊ लागलो, ते न उतरता. त्या दिवशीही तसंच. एका सहकाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती कोल्हापुरात. सकाळी जाताना बस निपाणी स्टँडला थांबली तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. दुपारी परत येताना बस पुन्हा स्टँडला लागली आणि फोन वाजला. दाजी.

"पावणं, कुठं हाईस?"

"बेळगावात. ऑफिसात हाय दाजी," मी म्हणालो. तोंडातून किती सहज निघालं ते.

असं म्हणून खिडकीतून बाहेर बघितलं, तर वीस पावलांवर, फळांच्या गाड्याजवळ दाजी उभे. आक्काला मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्या बसची वेळ विचारायला ते स्टँडवर आले होते. माझं उत्तर ऐकताच त्यांनी पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि तवंदी घाटाकडं, बेळगावकडं, तोंड केलं. माझ्याकडं पाठ. त्यांच्या सदऱ्यावरची इस्त्रीची घडी मला दिसत होती, आणि कानात त्यांचा आवाज येत होता.

"तुझी आक्का ऐकंना झालीया रं. परवा उजव्या डोळ्याचं आपरेशन ठरलंय. म्हणती, माझा भाऊ संगं असला तरच आत जानार. लई भ्यालीया. एक दिवस येशील?"

"ऑडिट लागलंय दाजी. पुढच्या महिन्यात बघू की. मोतीबिंदू कुठं पळून चाललाय?"

तेवढ्यात कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "संकेश्वर, बेळगाव! बेळगाव!"

"तुझ्याकडं बी स्टँडचा आवाज येतोय की," दाजी म्हणाले.

"टीव्ही लावलाय कुणीतरी."

"आसंल, आसंल. काम आदी. जेवलास न्हवं?" आणि हे विचारताना ते पुढं थोडे वाकले, घाटाच्या दिशेनं, जेवलास काय म्हणून माणसाच्या तोंडाकडं बघायला वाकतात तसे.

ऑडिट नव्हतं. मला दवाखान्याची भीती वाटते, हेही कारण नव्हतं. उतरलो असतो तर सकाळी का नाही उतरलास, आणि परवा आलो असतो तर इतके दिवस कुठं होतास, हे विचारलं गेलं असतं, एवढंच. बस सुरू झाली तेव्हा चप्पल शोधायच्या निमित्तानं मी सीटखाली वाकलो आणि त्यांच्या अगदी शेजारून निघून गेलो. पुढं घाटात आल्यावर माझ्या लक्षात आलं की दाजींनी ज्या बाजूला तोंड केलं होतं, बरोबर त्याच बाजूला आता मी आहे. तेवढ्यानं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पुढचा महिना म्हणता म्हणता चार महिने गेले. आक्का हटून बसली होती, आणि दाजी तिला दर वेळी सांगत होते की त्यो बेळगावात हाय, कामात हाय, मोकळा झाला की येतोय. मी सांगितलेलं ते जसंच्या तसं तिला पोचवत होते. अखेर डोळा ठणकायला लागला तेव्हा तिला उचलून मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू जास्त पिकला, डोळ्यात दाब वाढला, उशीर झाला. त्या डोळ्याला आता उजेड तेवढा कळतो. माणूस कळत नाही.

ह्या वर्षी डाव्या डोळ्याची पाळी आली. मी बोलावणं यायच्या आधी रजा टाकली आणि आदल्या दिवशीच निपाणीत हजर झालो. आक्कानं आत जाताना माझं मनगट असं धरलं होतं की घड्याळाचा वळ उठला. ती आत गेली, आणि बाहेरच्या बाकड्यावर मी दाजींना सगळं सांगितलं. बस, खिडकी, टीव्ही, सगळं. सांगताना त्यांच्याकडं बघायचा धीर झाला नाही.

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे तू माझ्या पाठीमागं हुतास?"

"व्हय."

"आनि मी तुझ्याकडं पाठ करून बोललो." ते खरंच खजील झाले होते. "एकदा वळून बघाय पायजे हुतं मी."

"दाजी, चूक माझी हाय. आक्काचा डोळा माझ्यामुळं गेला."

"ते न्हाय म्हनत न्हाय मी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सूटही दिली नाही. मग म्हणाले, "तिला सांगू नगंस. तिचा भाऊ आलाय म्हणून आज ती आत गेलीया. तेवढं ऱ्हाऊ दे."

तासाभरानं नर्सनं आक्काला बाहेर आणलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्यात नुसता उजेड. तिला बाकड्यावर बसवलं. भीती उतरली की आक्का बोलकी होते. आमच्या दोघांच्या मधोमध कुठंतरी बघत ती म्हणाली, "एवढं सोपं हुतं तर मी उगंच अडून बसले बघा. पन काय रं, त्या बारीला खरंच आडिट हुतं व्हय?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधी दाजी बोलले.

"हुतं की. मला म्हाईत हाय."

एवढं बोलून ते समोरच्या भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. त्यांचं ते पहिलंच असावं, कारण सराव नव्हता हे उघड दिसत होतं.

आता तिला डाव्या डोळ्यानं छान दिसतं. सकाळी कट्ट्यावर बसून ती छापील जे हाताला लागेल ते वाचून काढते, अगदी शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरापर्यंत. म्हणजे हेही ती वाचणार. वाच आक्का. माझ्याशी काय बोलायचं ते तू ठरव, नाही बोललीस तरी मी येत राहीन. फक्त दाजींना काही म्हणू नकोस. दवाखान्यात ते जे बोलले ते त्यांचं नव्हतं, माझं होतं.