पायऱ्यांची विहीर

वाळका भोपळा दिसला की मला कळमनुरीजवळची ती विहीर आठवते. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता आणि आमच्या घरात पोहणं कुणालाच येत नव्हतं. शिकायला बरी मिळावी म्हणून वडिलांनी किती विहिरी पाहिल्या. एक फार खोल, दुसरी शेवाळलेली. शेवटी आईनेच रुंद पायऱ्यांची, नितळ पाण्याची ही निवडली. तिथेही वडील गुडघाभर पाण्यात थबकले. “काहून घाई करून राहिली?” ते म्हणेपर्यंत आईने कासोटा घट्ट खोचून, तरंगायला पाठीशी भोपळा बांधून उडी मारलीसुद्धा. उन्हाळा सरायच्या आत एका सकाळी तिने भोपळा पायरीवर ठेवला आणि समोरची भिंत शिवून परत आली. आमच्या टाळ्या विहिरीत घुमल्या. धापा टाकत तिने भोपळा वडिलांपुढे धरला, “घ्या, आता तुमी बांधा.” वडील भोपळ्याशिवाय कधीच पोहले नाहीत, हे मी आजही आईच्याच तोऱ्यात सांगते.